छातीत दुखतंय, पण नेमकं कुठं?



आपल्या बोलण्यात 'छाती' हा एकच शब्द दोन जागांसाठी वापरला जातो. हृदय, फुप्फुसे आणि बरगड्या जिथे आहेत ती छाती. आणि स्तन म्हणायची लाज वाटते म्हणून त्यालाही आपण छातीच म्हणतो. बाई दवाखान्यात जाते आणि मान खाली घालून "डॉक्टर, छातीत दुखतंय" एवढेच सांगते. डॉक्टर ईसीजी काढतात, तो चांगला येतो, पित्ताची गोळी घेऊन ती घरी परतते. स्तनातली गाठ कोणी पाहतच नाही, कारण ती बोललेलीच नसते. उलटेही घडते. छातीवर दगड ठेवल्यासारखे दडपण येते, घाम फुटतो, आणि घरचे म्हणतात, "गॅस झाला असेल, ओवा खा."

या दोन्ही प्रकारांत नुकसान बाईचेच होते. म्हणून दुखणे कोणकोणत्या कारणांनी होते, त्यातले कोणते घरी सांभाळता येते आणि कोणते एक तासही अंगावर काढायचे नाही, हे या पानावर पाहू. एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. स्तन दुखतो याचे कारण बहुतेक वेळा कॅन्सर नसते. आणि कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. आपण मात्र दुखणाऱ्याला घाबरतो आणि न दुखणाऱ्याला सोडून देतो.

पाळीच्या आधीचे दुखणे

स्तन दुखण्याचे सर्वांत नेहमीचे कारण मासिक पाळी हे आहे. पाळी येण्याच्या आठ-दहा दिवस आधी शरीरातील हार्मोन बदलतात, त्यामुळे स्तनात पाणी साठते आणि ते जड होतात. बहुधा दोन्ही बाजूंना दुखते, काखेकडच्या वरच्या भागात जास्त. हात लावला तरी नको वाटते. पाळी सुरू झाली की दुखणे ओसरते. निम्म्याहून अधिक स्त्रियांना आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. हा आजार नाही.

यासाठी एक सोपा उपाय आहे. घरातल्या कालनिर्णयावर दुखले त्या दिवशी एक फुली मारा आणि पाळीच्या दिवशी गोल करा. दोन-तीन महिन्यांत फुल्या दर वेळी गोलाच्या आधीच येत असतील, तर कारण कळले. दिवसा नीट मापाची, स्तनांना आधार देणारी बॉडी वापरा. फार घट्ट किंवा अगदी सैल, दोन्ही त्रासदायक. कोमट पाण्याच्या फडक्याने शेकले तर बरे वाटते. फारच दुखले तर पॅरासिटामॉल चालते.

गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्यावर आणि दिवस राहिल्यावरही स्तन हुळहुळे होतात. पाळी चुकली असेल तर आधी लघवीची तपासणी करून घ्या. पाळी कायमची थांबलेल्या बाईला मात्र एकाच बाजूला, एकाच जागी नव्याने दुखू लागले, तर दाखवायलाच हवे.

बाळाला अंगावर पाजताना

बाळंतपणानंतर पहिल्या काही आठवड्यांत स्तनात दूध साकळते. दुधाच्या गाठी होतात, एक भाग लाल, गरम आणि टणक होतो. बोंडाला भेगा पडल्या असतील तर त्यातून जंतू आत जातात. मग थंडी वाजून ताप येतो आणि ठणका लागतो.

अशा वेळी घरातल्या जाणत्या बायका सांगतात, "त्या बाजूचं पाजू नको, बाळाला बाधेल." हे खरे नाही. बाळाला पाजत राहावे, दोन्ही बाजूंनी. पाजणे एकदम बंद केले की दूध आणखी साकळते. पाजून झाल्यावर थंड पाण्याची घडी ठेवा. जोरजोरात चोळू नका, त्याने आतली सूज वाढते. चुना लावणे किंवा गरम विटेचा चटका देणे टाळा, कातडी भाजते आणि दुखणे तसेच राहते. बाळाने बोंडासह भोवतीचा काळा भाग तोंडात घेतला आहे ना, हे आशाताईंना किंवा नर्सला एकदा दाखवून घ्या. बरेचसे त्रास पाजण्याची पद्धत सुधारली की कमी होतात.

ताप आला आणि एका दिवसात उतरला नाही, किंवा आत पू झाल्यासारखा मऊ फुगवटा लागला, तर डॉक्टरांकडे जा. जंतुनाशक गोळ्यांचा कोर्स पूर्ण घ्यावा लागतो, पू झाला असेल तर तो काढावा लागतो. बाळाला चालणारी औषधे डॉक्टर देतात, म्हणून "मी अंगावर पाजते" हे सांगायला विसरू नका.

एक इशारा. बाळ अंगावर पीत नसताना स्तन लाल होऊन सुजला, किंवा गोळ्यांचा कोर्स संपूनही लाली गेली नाही, तर पुन्हा जा. अशी सूज क्षयरोगाची असू शकते आणि क्वचित कॅन्सरचीही. ती तपासूनच ठरते.

कामाने भरलेली उसण

बऱ्याच वेळा दुखणे स्तनातही नसते आणि हृदयातही नसते. ते बरगड्यांत आणि स्नायूंत असते. पाण्याचे हंडे, चार घरची धुणीभांडी, बांधकामावरच्या पाट्या, उसाच्या मोळ्या. आपल्या जिल्ह्यातल्या बाईच्या छातीच्या स्नायूंनी काय काय उचललेले असते! बरगडी जिथे मधल्या हाडाला जोडते, तिथल्या कुर्चेला सूज येते आणि चमक मारते. याला आपण उसण भरली म्हणतो.

ओळखण्याची खूण अशी, की दुखरी जागा एका बोटाने दाखवता येते, तिथे दाबले की कळ येते, आणि हात वर केला किंवा कूस बदलली की वाढते. शेक, दोन-चार दिवस जड उचलणे बंद आणि साधी वेदनाशामक गोळी एवढ्याने बहुतेकदा उतरते. वेदनाशामक गोळ्या उपाशीपोटी आणि महिनोन्महिने घेऊ नका, पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो.

आणखी एक कारण घराघरांत असते, पण बोलले जात नाही. ते म्हणजे मार. छातीवर बसलेल्या ठोशाने बरगडीला तडा जाऊ शकतो. श्वास घेताना कळ येत असेल तर एक्स-रे लागतो. डॉक्टरांना "पडले" न सांगता खरे सांगा, म्हणजे उपचारही योग्य होतात आणि नोंदही राहते. १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे, जीव धोक्यात असेल तर ११२. मार लागल्याने स्तनाचा कॅन्सर होतो, अशी एक समजूत आहे. ती चुकीची आहे.

नागीण, जळजळ आणि खोकला

छातीच्या एकाच बाजूला, पाठीपासून पुढे पट्ट्यासारखी आग होते आणि दोन-तीन दिवसांत पाण्याचे फोड उठतात, ती नागीण. लहानपणी झालेल्या कांजिण्यांचा विषाणू नसेत लपून राहतो आणि अंगातली ताकद कमी झाली की पुन्हा उठतो. नागिणीचे तोंड शेपटीला मिळाले की माणूस मरतो, असे म्हणतात. तसे होत नाही. पण मंत्र-उताऱ्यात दिवस घालवू नका. फोड उठल्यापासून तीन दिवसांच्या आत औषध सुरू झाले, तर आजार लवकर आटोक्यात येतो. अंगावर काढल्यास पुढे महिनोन्महिने आग होत राहू शकते.

जेवणानंतर किंवा आडवे झाल्यावर छातीच्या मध्ये जळजळ, घशाशी आंबट पाणी, हे पित्ताचे लक्षण. सकाळी उपाशीपोटी कोरा चहा, सगळ्यांचे झाल्यावर दुपारी तीनला जेवण, आणि तोंडात मिसरी, या तिन्ही सवयी पित्त वाढवतात. मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. ती दातांसाठी औषध नाही. तिने तोंडाचा कॅन्सर होतो.

खोल श्वास घेतला किंवा खोकले की छातीत टोचत असेल आणि ताप असेल, तर न्यूमोनिया किंवा फुप्फुसाच्या आवरणाला आलेली सूज असू शकते. खोकला दोन आठवड्यांहून अधिक असेल, संध्याकाळी बारीक ताप येत असेल, वजन घटत असेल, तर बेडका तपासून घ्या. क्षयरोगाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.

थोडे चालले की धाप लागते, छातीत धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते, तर रक्त तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. तरुण मुलीला लहानपणी सांधे सुजून ताप आलेला असेल आणि आता धाप लागत असेल, तर हृदयाच्या झडपा तपासायला हव्यात.

काळजीने, धास्तीनेही छाती भरून येते, हात गार पडतात. ते दुखणेही खरेच असते, ढोंग नसते. पण "हिच्या डोक्यात आहे" हे बाकीच्या तपासण्या झाल्याशिवाय कोणी म्हणू नये.

इथे थांबायचे नाही

बायकांना हार्ट अटॅक येत नाही, ही समजूत जीव घेते. पाळी थांबल्यानंतर स्त्रीचा धोका वाढत जातो. साखर, रक्तदाब आणि तंबाखू असेल तर त्याआधीही येऊ शकतो. पुढील खुणा पाठ करा आणि घरातल्या मुलांनाही शिकवा:

• छातीच्या मध्ये दडपण, आवळल्यासारखे, जड वाटणे.
• दुखणे डाव्या हातात, खांद्यात, जबड्यात किंवा पाठीत जाणे.
• दरदरून घाम, मळमळ, उलटी, चक्कर.
• अचानक धाप लागणे, किंवा कधी नव्हता असा थकवा.

स्त्रियांमध्ये, विशेषतः साखरेचा आजार असलेल्यांमध्ये, छातीत फारसे न दुखता नुसती धाप, घाम आणि मळमळ एवढेच दिसू शकते. म्हणून तर "गॅस आहे" असे वाटते.

यातले काही झाले तर बाईला बसवा, चालू देऊ नका. १०८ ला फोन करा, ही रुग्णवाहिका मोफत आहे. ती यायला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने मोठ्या रुग्णालयात न्या. बाम चोळत, सोडा पाजत, घरधनी कामावरून यायची वाट पाहत बसू नका. हृदयाची रक्तवाहिनी बंद पडली की दर मिनिटाला स्नायू मरत असतो. रुग्णालयात पहिला ईसीजी चांगला आला आणि तरीही दुखणे चालूच असेल, तर "पुन्हा काढता का?" असे विचारा. काही अटॅक पहिल्या ईसीजीत दिसत नाहीत, तेव्हा रक्ताची तपासणी करतात.

बाळंतपणाच्या आधी किंवा नंतरच्या आठवड्यांत एकाएकी धाप लागली, छातीत दुखले, एक पाय सुजला, तर तेही तातडीचे आहे. रक्ताची गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते.

गाठ लागली तर

आता न दुखणाऱ्या गोष्टीकडे वळू. स्तनात लागणारी प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. पंधरा ते तिशीच्या मुलींना गोटीसारखी, हाताखाली सटकणारी गाठ लागते, ती बहुधा साधी असते. पस्तिशीनंतर पाण्याच्या गाठी होतात, त्या कधी कधी दुखतातही. पण कोणती गाठ साधी आणि कोणती नाही, हे आपण, शेजारीण किंवा वैदूही हाताने ठरवू शकत नाही. ते तपासणीनेच कळते.

कॅन्सरची गाठ बहुधा टणक, वेडीवाकडी आणि न दुखणारी असते. आणखी खुणा अशा: कातडी संत्र्याच्या सालीसारखी होणे, खळगी पडणे, बोंड नव्याने आत ओढले जाणे, बोंडातून रक्त येणे, बोंडावर न भरणारी जखम, काखेत गाठ. भारतातील स्त्रियांमध्ये हा सर्वाधिक आढळणारा कॅन्सर आहे, आणि तो चाळिशीतल्या बायकांनाही होतो. घरात कोणाला झालेला नसला तरी होतो.

महिन्यातून एकदा, पाळी सुरू झाल्यापासून सात-आठ दिवसांनी, आंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताने पाहा. पाळी थांबली असेल तर महिन्याची एक तारीख ठरवा. बोटांची टोके नव्हे, तीन बोटांचा सपाट भाग वापरा. बाहेरून आत गोल गोल फिरवत संपूर्ण स्तन आणि काख चाचपा. स्वतःचे नेहमीचे कसे लागते ते माहीत असले की बदल लगेच कळतो. मात्र यावरच विसंबून राहू नका. प्रशिक्षित हाताने केलेली तपासणीही हवी.

तपासणीचे तीन भाग असतात: डॉक्टरांनी हाताने पाहणे, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि सुईने तुकडा काढून पाहणे. "सुई लावली की गाठ खवळते" या भीतीने अनेक जणी इथेच थांबतात. सुईच्या तपासणीने कॅन्सर पसरत नाही. तो पसरतो वेळ गेल्याने.

मुंबईच्या वस्त्यांनी काय दाखवले

"आपल्यासारख्यांना कुठं मशीन परवडणार?" असे कोणी म्हणेल, तर तिला हे सांगा. टाटा मेमोरियल सेंटरने १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांमध्ये एक मोठा अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी स्त्रियांचे स्तन हाताने तपासत आणि कॅन्सरची माहिती देत. असे चार वेळा केले. मॅमोग्राफीचे मशीन वापरलेच नाही. उरलेल्या वस्त्यांत फक्त माहिती दिली. वीस वर्षांचा हिशेब २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला.

तपासणी झालेल्या वस्त्यांत कॅन्सर सापडलेल्यांपैकी ३७ टक्के स्त्रिया पुढच्या, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात होत्या. इतर वस्त्यांत हेच प्रमाण ४७ टक्के होते. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही, हेही खरे. पण शिकवलेल्या हातांनी नियमाने पाहिले तर मशीनशिवायही जीव वाचतात, हे वस्तीतल्याच बायकांवरून सिद्ध झाले.

आणि असे हात कोणाचे असू शकतात, हे आपल्या जिल्ह्याने आधीच दाखवले होते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या बायका, त्यात दलित आणि कधी शाळेत न गेलेल्याही, आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार झाल्या. त्यांनी बाळंतपणे सांभाळली, आजार ओळखले आणि गावाला शिकवले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

भिंगारमध्ये कुठे जायचे

साध्या त्रासासाठी छावणी परिषदेचा दवाखाना किंवा जवळचे सरकारी आरोग्य केंद्र. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीने आशाताईंकडे किंवा नर्सकडे नाव नोंदवावे. रक्तदाब, साखर, तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी या वयापासून करून देण्याचा सरकारी कार्यक्रम आहे. गाठ किंवा छातीचे दुखणे असेल तर नगरचे जिल्हा रुग्णालय जवळच आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. कॅन्सर किंवा हृदयाची शस्त्रक्रिया लागली, तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' कुठे बसतात ते विचारा.

डॉक्टरांना काय सांगायचे

जाण्याआधी या गोष्टी ठरवून ठेवा, हवे तर मुलीकडून कागदावर लिहून घ्या:

१. जागा: "स्तनात दुखतं" की "आत छातीत दुखतं". डावी बाजू, उजवी की मध्ये.
२. कधीपासून, आणि पाळीशी त्याचा संबंध आहे का.
३. कशाने वाढते: दाबल्याने, चालल्याने, श्वासाने, की जेवणाने.
४. गाठ, बोंडातून स्राव, ताप, धाप, घाम यातले काय आहे.
५. साखर, रक्तदाब, मिसरी, चालू गोळ्या, पाळीची शेवटची तारीख, अंगावर पाजते का.

डॉक्टर पुरुष असतील तर "नर्सबाईंना सोबत थांबू द्या" असे म्हणता येते. सासूबाई, जाऊबाई, मुलगी, कोणालाही बरोबर नेता येते. घरच्या पुरुषांनीही हे पान वाचावे. बाई "काही नाही, जरा दुखतंय" म्हणते तेव्हा "कुठं?" हा एक प्रश्न त्यांनी विचारावा.

विहारात महिला मंडळ जमेल तेव्हा हे पान मोठ्याने वाचा. 'स्तन' हा शब्द पहिल्यांदा उच्चारताना अवघडल्यासारखे होईल, दुसऱ्यांदा कमी. जी बाई चारचौघींत तो बोलू शकते, ती दवाखान्यातही बोलू शकेल.